खोतांच्या गोष्टीत आजोबा दिसले नाहीत, हे वाचनालयात सांगावं का?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी खेड तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. अंगणवाडी सेविका आहे, शिक्षण बारावी. बाजाराच्या दिवशी वाचनालयातून पुस्तक बदलून आणते आणि वाचून झालं की वहीत चार-पाच ओळी लिहून ठेवते. यंदाच्या पावसात ‘तुंबाडचे खोत’चा पहिला खंड पुरा केला, दुसरा निम्म्यावर आहे. ‘श्यामची आई’ लेकीबरोबर पुन्हा वाचलं. आणि नारायण धारपांचं एक भुताखेतांचं पुस्तक, ते एका रात्रीत.

ग्रंथपाल ताईंनी माझी वही पाहिली आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी हो म्हणून बसले आणि आता धडकी भरली आहे. कारण वहीत मी लिहिलंय की ‘तुंबाडचे खोत’ हातातून सुटत नव्हतं, पण आमचे आजोबा मला त्यात कुठे दिसले नाहीत. आमचं घर कुळाचं, म्हणजे खोताची जमीन कसणारं. आजोबा खोतांच्या ओटीवर कधी चढले नाहीत, अंगणात उभं राहूनच बोलायचे, असं आजी सांगायची. ‘श्यामची आई’ वाचताना रडले, पण पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते तिथे राग आला. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त रंगले ती धारपांच्या पुस्तकात.

वाचनालयाच्या कमिटीवरचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “एवढ्या मोठ्या कादंबरीवर बोलायला अभ्यास लागतो. तू आपली श्यामच्या आईवर बोल.” घरी दीर म्हणतात, वाचून काय मिळणार आहे? माझ्यासारख्या साध्या बाईने अशी मतं चारचौघांत सांगावीत का?

– एक वाचक, खेड तालुका

उत्तर

ताई, सांगा. वहीत जसं लिहिलंय तसंच सांगा. फक्त ‘तुंबाडचे खोत’बद्दलचं ते एक वाक्य बोलण्याआधी थोडं काम करावं लागेल. गुरुजींच्या मनातला अभ्यास तो नव्हे. हे काम तुम्ही घरी बसून करू शकता, आणि ते तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमेल असं मला वाटत नाही.

आधी त्या वाक्याकडे बघू. ‘आमचे आजोबा मला त्यात दिसले नाहीत.’ हे ऐकून सभेतलं कुणी तरी नक्की म्हणेल, “अहो, कादंबरीचं नावच ‘तुंबाडचे खोत’, त्यात कुळांची कथा कशी असेल?” त्यांचं म्हणणं रास्तच आहे. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. त्यांनी जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या लिहायला घेतल्या आणि १९८७ साली दोन जाडजूड खंडांत त्या आपल्यापुढे ठेवल्या. घराणं खोतांचं आहे हे त्यांनी पहिल्या पानाआधीच सांगितलंय. तेव्हा ‘लेखकाने कुळांबद्दल लिहायला हवं होतं’ असं तुम्ही म्हणालात, तर वाद होईल आणि त्यात तुमची दहा मिनिटं जातील. पण ‘मी वाचताना आजोबांना शोधत होते’ हे म्हणालात, तर त्यावर कुणाला काय बोलता येईल? ते तुमच्या वाचनात घडलंय. पुस्तक उघडताना तुम्ही कुठे उभ्या होतात ते त्यातून कळतं, आणि वाचकाच्या मतातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तरी तीच वाटते.

आता काम. दुसरा खंड पुरा करा. मग पहिला पुन्हा हाती घ्या आणि कागदाचे बारीक कपटे करून बसा. वाचनालयाचं पुस्तक आहे, पेन्सिल लावू नका. कूळ, गडी, मोलकरीण, पालखीला खांदा देणारा, निरोप घेऊन आलेला असं वाड्याबाहेरचं कुणीही माणूस ज्या पानावर येईल तिथे कपटा घाला. त्या माणसाला नाव आहे का बघा. तो बोलतो का, की फक्त ऐकून निघून जातो? कुठे उभा आहे, अंगणात की पडवीत? आणि मुख्य म्हणजे, तो तिथून निघाल्यावर लेखक कधी त्याच्या पाठोपाठ त्याच्या घरापर्यंत जातो का?

हे झालं की तुमचं वाक्य कदाचित तसंच राहील. कदाचित बदलेलही. आजोबा आहेत, पण अंगणापर्यंतच आहेत, असं काही तुम्हाला सापडू शकेल. किंवा पहिल्या वाचनात नजरेतून निसटलेलं एखादं माणूस भेटेल आणि तुम्हाला म्हणावं लागेल की मला वाटलं होतं त्यापेक्षा लेखकाने जास्त पाहिलंय. दोन्हींपैकी काहीही निघालं तरी १५ ऑक्टोबरला तुमच्या हातात पानं असतील. ‘मला असं वाटलं’ याला सभेत कुणीही ‘मला तसं नाही वाटलं’ म्हणून मोकळं होतं. ‘हे पान बघा’ म्हटल्यावर माणसाला पुस्तक उघडावंच लागतं.

आणखी एक उत्तर येईल, त्याची तयारी ठेवा. “तो काळच तसा होता.” कोकणात जुन्या घरांचा विषय निघाला की हे वाक्य येतंच, आणि ते आलं की बोलणं तिथेच संपतं. तुम्ही ते संपू देऊ नका. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा, आणि त्या बदल्यात कुळांकडून पिकातला हिस्सा घेणारा. अर्धेलीत निम्मं भात त्याचं, वर वेठ वेगळी. हे बरोबर नाही असं त्याच काळातली माणसं बोलत होती. नुसती बोलतही नव्हती. अलिबागेजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. संप केला, उपास काढले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. १९३७च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि पुढच्याच जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्याने, आणि कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा कृषक दिन उजाडला १ एप्रिल १९५७ला. तुमच्या घरचा सातबारा काढून बघा, जुन्या फेरफारात आजोबांचं नाव कधी लागलंय ते. ते साल पुस्तकाच्या शेजारी ठेवून बोललात, तर सभेला कळेल की तुम्ही कुणावर राग काढायला आलेला नाही.

कारण राग काढायला तुम्ही जात नाहीच आहात. तुमच्या वाक्याचा अर्धा भाग असा आहे की पुस्तक हातातून सुटत नव्हतं. बोलण्याच्या भरात हा अर्धा भाग गळून पडेल, मला भीती त्याची आहे. सभेत एकदा का ‘आजोबा नाहीत’ हा मुद्दा निघाला, की लोक तुम्हाला पुस्तकाच्या विरोधात उभं करतील आणि तुम्हीही नकळत तसं बोलायला लागाल. तसं होऊ देऊ नका. कुळाच्या घरातली नात रात्री जागून खोताच्या घराची पडझड वाचते, आणि त्या माणसांसाठी तिचा जीव कळवळतो. यात लेखकाची केवढी ताकद आहे! आणि त्याच नातीला मध्येच आजोबा आठवतात, यात तिची. त्या घरातल्या कुणाची तुम्हाला दया आली, कुठल्या पानावर आली, आणि दया आल्यावर स्वतःचंच नवल वाटलं का, हे बोला. आजोबा ज्या ओटीवर कधी चढले नाहीत, तिथून या कादंबरीने तुम्हाला थेट माजघरात नेलं. त्या माजघरात बसून तुम्हाला काय वाटलं, हे मराठीत फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला स्वतःला ते ऐकायला फार आवडेल.

‘श्यामची आई’बद्दल गुरुजींना वाटतं की तो सोपा विषय आहे. तुम्हाला तसं वाटत नाही, आणि मला तुमचं पटतं. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. गोष्ट सांगतो तो मोठा झालेला श्याम, रात्री आश्रमातल्या मित्रांपुढे बसून. आई तोवर गेलेली आहे. म्हणजे आपण वाचतो ते पोराच्या आठवणीतलं मारणं, आणि त्या आठवणीत त्याने आईला कधीच माफ केलेलं आहे. मुलाने माफ केलंय म्हणून वाचणाऱ्यानेही केलंच पाहिजे असं थोडंच आहे? पोराला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून ती माउली त्याला शिंपटीने झोडते. तुम्ही रोज दुसऱ्यांची तीन-चार वर्षांची पोरं सांभाळता. न मारता त्यांना कसं वळवावं लागतं, त्याला किती वेळ लागतो आणि किती घसा बसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा राग तिथून आलाय. तो सांगा आणि रडलात तेही सांगा. आधी रडले की आधी चिडले, तेवढा क्रम मात्र खरा ठेवा. लेक शेजारी बसून ऐकत होती, तर ती तिथे काय म्हणाली? तिचं बोलणं वहीत नसेल तर आजच लिहून काढा.

आणि एक गोष्ट तुमच्या वहीत नाही, पण ती तुमच्या हाताला लागण्यासारखी आहे. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे तेही दापोली तालुक्यातलेच. त्यांच्या घरातही खोती होती, आणि वडिलांच्या काळात घर बसत गेलं, इतकं की राहत्या घरावर जप्ती आली. म्हणजे यंदाच्या पावसात तुम्ही वाचलेल्या तीनपैकी दोन पुस्तकांत खोताचंच घर आहे, आणि दोन्हींत ते उतरणीला लागलेलं आहे. एकाचं त्यातलं सोसणं आईच्या चुलीपाशी बसून सांगितलंय, दुसऱ्याचा पसारा चार पिढ्यांचा. आता हेच कपटे घेऊन ‘श्यामची आई’ उघडा. त्यात मोळी विकायला आलेली एक म्हातारी महारीण आहे. तिची मोळी खाली पडते, तिला ती उचलून डोक्यावर घेववत नाही, आणि शिवाशिवीमुळे कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. माया आणि विटाळ दोन्ही त्या एका सांगण्यात आहेत. लहानपणी आपण सगळ्यांनी त्यातली माया तेवढी वाचली. आंघोळीचा भाग आताच्या वाचनात टोचतो, आणि तो लेखकाने लपवलेला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे असं मी मानते. ही म्हातारी त्या गोष्टीत कुठून येते आणि मोळी डोक्यावर चढल्यावर कुठे जाते? तुमचा आजोबांचा प्रश्न इथेही लागू पडतो. दोन पुस्तकं एका प्रश्नाने बांधली गेली, तर दहा मिनिटांचं बोलणं आपोआप आकाराला येईल.

धारपांचं पुस्तक लपवू नका. सगळ्यात जास्त त्यात रंगलात असं तुम्ही मला लिहिलंत, तर सभेत वेगळं का सांगायचं? वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर कुठल्या पुस्तकांची पानं सुटी झालेली असतात ते ग्रंथपाल ताईंना विचारा, त्या सांगतील. माणसाला भीती वाटेल असं लिहिणं अवघड काम आहे. शब्द एखादा जरी जास्त झाला तरी भीती जाऊन हसू येतं. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, घरात सगळे झोपलेले आणि तुम्ही बॅटरीच्या उजेडात पान उलटताय. नेमक्या कुठल्या ओळीला तुम्ही मान वळवून दाराकडे पाहिलंत? त्या ओळीत काही दिसलं होतं, की नुसता आवाज होता? हे सांगितलंत तर धारपांची कारागिरी अख्ख्या सभेला कळेल. आणि तरुण पोरं आली असतील तर त्यांना हेही सांगा की २०१८चा ‘तुंबाड’ सिनेमा त्यांनी पाहिला असेल, त्याचं नाव पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं आहे, पण गोष्ट या खोतांची नाही. तिचं बीज धारपांच्या कथेतलं. तुमच्या पिशवीतले दोन लेखक असे एका सिनेमात भेटतात, हे ऐकून मागच्या बाकावरचंही कुणी तरी दोन्ही खंड उचलेल.

गुरुजींबद्दल. त्यांचा हेतू वाईट आहे असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं नाही. तुम्हाला सभेत कुणी अडवू नये, तुमची फजिती होऊ नये, अशी काळजी त्यात असेल. अभ्यास लागतो हेही खरं आहे, पण कशाला? या कादंबरीची बांधणी कशी आहे, मराठीत तिच्याआधी काय लिहिलं गेलं होतं, पेंडशांच्या आधीच्या कादंबऱ्यांशी तिचं नातं काय, हे सांगायला अभ्यास हवाच, आणि तो गुरुजींनी केला असेल तर त्यांच्याकडून शिकून घ्या. तुम्ही ते सांगायला जातच नाही आहात. म्हणून कार्यक्रमाआधी एकदा वही घेऊन त्यांच्याकडे जा, कपटे घातलेली पानं दाखवा आणि विचारा, “गुरुजी, मी इथे चुकीचं वाचलंय का?” त्यांनी एखादी चूक दाखवली तर ती दुरुस्त करा. ‘असं बोलू नये’ एवढंच म्हणाले, तर नमस्कार करून या आणि बोला. सभेत मात्र त्यांची भाषा वापरू नका. प्रत्ययकारी, आशयघन, कालातीत हे शब्द पुस्तकाच्या मलपृष्ठावर शोभतात. ‘हातातून सुटत नव्हतं’ हे तुमचे शब्द त्याहून जास्त सांगतात.

दुसरा खंड तोवर पुरा झाला नाही तर ‘मी इथवर वाचलंय’ असं सुरुवातीलाच म्हणा. अर्ध्या पुस्तकावरचं मत अर्ध्या पुस्तकापुरतं असतं, ते सांगून टाकलं की त्यात काही कमीपणा नाही. पुढे काय होतं ते माहीत असेल तर फोडू नका. आणि पुस्तक बरोबर न्या. एखादं अर्धं पान मोठ्याने, सावकाश वाचा, तुमच्या मताला आधार देणारं. दहा मिनिटांत दोन मिनिटं त्यासाठी ठेवा.

दिरांना उत्तर देत बसू नका. त्यांना कार्यक्रमाला घेऊन जा.

आता ज्याने मी हे पत्र वाचताना थबकले ते सांगते. १५ ऑक्टोबर म्हणजे भातकापणीचे दिवस. वाचनालयात त्या दिवशी कोण येणार? शाळेची पोरं, शिक्षक, कमिटी, बाजारपेठेतले चार वाचक. आपल्याकडे वाचनालयं जुनी आहेत, रत्नागिरीचं तर १८२८चं, आणि ती जवळपास दोनशे वर्षं टिकवणाऱ्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. पण खोताच्या अंगणात ज्यांचे बाप-आजे उभे राहिले ती माणसं त्या दिवशी शेतात वाकलेली असतील. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे आहे तीच सभेला नसतील.

म्हणून मला वाटतं, वाचनालयाचं बोलणं झालं तरी तिथे थांबू नका. कापणी, झोडणी उरकली की एका संध्याकाळी तुमच्या वाडीतल्या कुणाच्या तरी ओटीवर हेच पुन्हा बोला, घरात बोलता त्या बोलीत. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा. तुम्ही निवडलेलं ते अर्धं पान त्यांना वाचून दाखवा आणि विचारा, खोताला काय काय द्यावं लागायचं? भात मापायला कोण बसायचं? खोताचा वाटा त्याच्या घरी कोण पोचवायचं, आणि पोचवल्यावर पाणी तरी मिळायचं का? सगळ्यांना सगळं आठवणार नाही. काही जण म्हणतील आमचा खोत चांगला होता, तेही लिहून घ्या, कारण तसेही होते. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि वाडी लिहायला विसरू नका. हे वहीत पुस्तकावरच्या तुमच्या चार-पाच ओळींच्या समोरच्याच पानावर लिहा, म्हणजे उद्या तुमची लेक ती वही उघडेल तेव्हा कादंबरी आणि वाडी तिला एकाच वेळी वाचायला मिळेल.

या महिन्यात बाजाराला जाल तेव्हा दोन्ही खंडांची मुदत वाढवून घ्या. ग्रंथपाल ताईंना कारण सांगितलंत तर त्या नाही म्हणणार नाहीत. आणि ओटीवर जे सापडेल ते मला लिहून पाठवा, या सदरात त्याला जागा आहे.